चिमणीला बांधलेलं फडकं

आमच्या घरात कुठलीही नवी वस्तू आली, की आधी तिला हळदकुंकू लागायचं आणि मग तिच्या मापाचा कपडा शिवला जायचा. टीव्हीला झालर होती, मिक्सरला टोपी होती, फ्रिजच्या दांडीला हातमोजा होता. रिमोट ज्या प्लास्टिकच्या पिशवीतून आला त्याच पिशवीत शेवटपर्यंत राहिला. पिशवी पिवळी पडून आकडे दिसेनासे झाले, तेव्हा आम्ही अंदाजानं बटणं दाबायला शिकलो. आईचं म्हणणं असं, की वस्तू वापरून खराब होत नाही, उघडी राहून होते. सोफ्यावर चादर असायची, ती पाहुणे आले की काढायची असं ठरलेलं होतं. पण दारात आलेलं माणूस नीट बघितलं की ते घरचंच निघायचं, आणि मग चादर काढण्याएवढं ते मोठं आहे असं कोणालाच वाटायचं नाही. आमच्या सोफ्याचा रंग कोणता होता, हे मी आजही खात्रीनं सांगू शकत नाही.

पुंडलिकनगरात तीन मजली इमारतीत तळमजल्याचा फ्लॅट आमचा होता. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते वाळूजच्या एका कारखान्यात होते. पहाटे कोपऱ्यावर कंपनीची बस हॉर्न द्यायची आणि त्या हॉर्नला आमचं अख्खं घर जागं व्हायचं, अण्णांची दुसरी शिफ्ट असली तरी. कारखान्यात अण्णांचं खरं काम लेथवर, पण त्यांचा जीव होता तो आग विझवणाऱ्या पथकात. कुठल्याशा सुरक्षा सप्ताहात त्यांच्या पथकाचा नंबर आला आणि बक्षीस म्हणून प्रत्येकाला एक लहानसं लाल अग्निशामक नळकांडं मिळालं. इतरांनी ते काय केलं माहीत नाही. अण्णांनी ते बैठकीत, शोकेसच्या शेजारी, खिळा ठोकून लावलं, आणि आईनं आठवड्याच्या आत त्याला लाल कापडाचं कव्हर शिवलं.

अण्णांनी एकदा सुट्टीच्या दिवशी घरात आगीची कवायतही घेतली होती. ते बैठकीत उभे राहून तीनदा "आग" म्हणाले, ओरडले नाहीत, कारण शेजारी घाबरतील. ठरल्याप्रमाणे सगळ्यांनी फाटकाजवळच्या लिंबाखाली जमायचं होतं. सगळे म्हणजे आई आणि मी. आई कणकेच्या हातांनी आली, दोन मिनिटं उभी राहिली आणि गॅसवर दूध आहे म्हणून परत आत गेली. जळत्या घरात परत जायचं नसतं, हे अण्णांनी तिला लिंबाखालूनच सांगितलं. दूध उतू गेलं असतं तर ते तुम्हीच पुसलं असतं का, असं आईनं आतून विचारलं. कवायत तिथंच संपली.

आई पैठणकडची. तिच्या हाताला चव होती आणि ती आमच्या तिघांवर संपत नव्हती. अण्णांच्या खात्यात बीड-परभणीकडची काही एकटी पोरं होती, खोली करून राहणारी. त्यांच्यातल्या एकानं एकदा अण्णांच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी खाल्ली आणि विचारलं, काकूंना आमचा एक डबा जमेल का. एकाचे चार झाले, चाराचे तीसेक. मी नववीत गेले तोवर आमच्या घराची लय डब्यांवर चालत होती. सकाळी कुकरच्या शिट्ट्या, मग पोळ्यांचा तवा, मग ती भली मोठी कढई आणि तिच्यातली फोडणी. जिरं-मोहरी तडतडली की मी कितीही झोपेत असले तरी शिंकायचे. डबे भरताना आई गप्प असायची, पण तिचा चेहरा वेगळा असायचा. भाकरी कोणाला, पोळी कोणाला, कोणाला तिखट चालत नाही, कोणाला गावाकडून उपास धरायचा निरोप आला आहे, हे सगळं तिच्या डोक्यात असायचं. अकराच्या सुमारास एक माणूस मोटारसायकलवर पिशव्या लटकवून यायचा आणि सगळं घेऊन वाळूजला जायचा. तो गेला की घर एकदम रिकामं वाटायचं आणि आई ओट्याला टेकून चहा प्यायची.

वरच्या मजल्यावर शेखभाभी राहायच्या. माणसं चांगली. ईदेला शीरखुर्मा खाली यायचा, दिवाळीला करंज्या वर जायच्या. पण त्यांच्या सासूबाईंना दमा होता आणि आमच्या स्वयंपाकघराची खिडकी बरोबर त्यांच्या खिडकीखाली होती. तीस जणांच्या फोडणीचा खाट त्या म्हातारीच्या छातीत जायचा. भाभींनी वर्षभर सोसलं आणि मग एक दिवस जिन्यात अण्णांना गाठलं. म्हणाल्या, "भाऊ, मला तुमच्या डब्ब्यांचं काही नाही. लेकिन अम्मी दिनभर खोकते, उसका मी क्या करू?" आवाज चढला नाही, हेच अण्णांना जास्त लागलं. घरी येऊन त्यांनी आईला सांगितलं, की चिमणी बसवतो, चांगली, मोटारवाली. पण ही एकदाच. ती बिघडली, वर पुन्हा धूर गेला, तर डबे बंद. आई हो म्हणाली. त्या दिवसापासून आईच्या दृष्टीनं ती चिमणी म्हणजे भिंतीवर टांगलेलं तिचं नशीब होतं.

चिमणी आली. अण्णांनी तिचा पाइप भाभींच्या खिडकीपाशी सोडला नाही, तो भिंतीबाहेरून वळवत वळवत थेट गच्चीवर नेला. मेकॅनिक म्हणाला, एवढी वळणं असली की आत तेल साचतं, सरळ न्या. अण्णा म्हणाले, सरळ नेला तर भाभींच्या कपड्यांच्या तारेवरून जाईल. शेजारधर्मापोटी त्या पाइपाला तीन कोपरे आले. मेकॅनिकनं जाताना जाळी काढून दाखवली आणि दर पंधरा दिवसांनी गरम पाणी, सोडा घालून धुवा म्हणाला. आईनं मान हलवली. तिला यातून एवढंच कळलं, की जाळी घाण होते आणि घाण झाली की ती घासावी लागते. घासलेली वस्तू झिजते. म्हणून तिनं अण्णांचं जुनं मलमलचं धोतर फाडलं आणि त्याचं फडकं जाळीच्या खालून नाड्यांनी ताणून बांधलं. बाहेरून झालर लावली, त्याच रंगाची जी टीव्हीला होती.

उपाय दिसायला अचूक होता. फडकं पिवळं पडायचं आणि जाळी नवीकोरी राहायची. आई दर महिन्याला फडकं सोडून आलेल्या-गेलेल्याला जाळी दाखवायची, बघा, अजून चमकते. फडक्यामुळं चिमणीचं ओढणं अर्ध्यावर आलं होतं, ती नुसतीच घुमायची, पण घुमते म्हणजे चालते असं आम्ही धरून चाललो. वर खोकला थोडा कमी झाला होता, तेवढ्यावर सगळे समाधानी होते. आग विझवण्यात बक्षीस मिळवलेला माणूस रोज त्या तेलात भिजलेल्या कापडाखाली उभा राहून पाणी प्यायचा आणि त्याला काही दिसत नव्हतं, कारण ते स्वयंपाकघर होतं. स्वयंपाकघरातलं काही दिसायचं नाही ही त्यांच्या पिढीची सवय होती.

आता मी स्वतः चाळिशी ओलांडली आहे आणि कोणाकडेही गेले की आधी ओट्यापाशी जाऊन, वाकून, त्यांच्या चिमणीत खालून बघते. हे शिष्टाचाराला धरून नाही हे मला कळतं. माझ्या नणंदेनं मला एकदा विचारलं होतं, की तुम्ही आमच्या घरात काय शोधता. मी जाळीला बोट लावून तिच्यासमोर धरलं. त्यानंतर मला त्यांच्याकडं बोलावणं कमी झालं, पण जाळी धुतली जाते असं कळतं.

चिमणी बसली त्या वर्षीच्या खंडेनवमीला अण्णांनी नेहमीप्रमाणे हत्यारांची पूजा केली. कारखान्यात यंत्रांना झेंडूच्या माळा चढतात, तसं आमच्याकडं विळी, शिलाई मशीन, स्कूटर आणि स्क्रू-पान्यांची पेटी यांची पूजा व्हायची. त्या वर्षी अण्णांच्या मनात आलं, की आपलं खरं हत्यार शोकेसशेजारी लटकलं आहे. त्यांनी नळकांड्याचं कव्हर काढलं, त्याला हळदकुंकू लावलं, माळ घातली, आणि लाल नाडा मुठीभोवती, पिनेभोवती आणि नळीभोवती सात-आठ वेढे देऊन गच्च बांधला. पूजेचा नाडा आपल्या हातानं तोडायचा नसतो, तो आपोआप गळून पडेपर्यंत ठेवायचा असतो. आईनं त्यावर पुन्हा कव्हर घातलं. हे सगळं श्रद्धेनं झालं, हे मुद्दाम नमूद करते.

दिवाळी तोंडावर आली. मला शाळेची सुट्टी लागली होती आणि अण्णांची साप्ताहिक सुट्टी होती. ते बैठकीत पेपर वाचत होते. आईनं एका शेगडीवर चकल्या लावल्या होत्या आणि दुसरीवर डब्यांची भाजी. डबे मांडलेले, पोळ्या झालेल्या, वरण भरून झालेलं, फक्त भाजी राहिली होती. ती चकल्या उलटवायला वळली तेवढ्यात फोडणीचं तेल जास्त तापलं आणि कढईत जाळ उठला. हे तिला नवीन नव्हतं. तिनं दोन्ही गॅस बंद केले आणि कढईवर परात उपडी घातली, अगदी शांतपणे. कढईतला जाळ विझला. पण तोवर तो वर पोचला होता. आधी झालर गेली, मग फडकं, आणि चिमणी चालूच होती, तिनं तो जाळ आत ओढून घेतला. पाइपातून असा आवाज यायला लागला, की वाटावं लांबून मालगाडी येते आहे.

मी ओरडले. अण्णा आले, त्यांनी एक क्षण वर पाहिलं आणि मग शिकवल्याप्रमाणे तीनदा "आग" म्हणाले, या वेळी शेजाऱ्यांची पर्वा न करता. पहिल्यांदा करंट तोडा, म्हणत त्यांनी पळत जाऊन मेन स्विच पाडला. चिमणीचं घुमणं थांबलं, ते बरोबर केलं त्यांनी. मला त्यांनी लिंबाखाली पिटाळलं, मी दारापर्यंत गेले आणि तिथंच उभी राहिले. मग त्यांनी नळकांडं आणलं, कव्हर फेकलं आणि पिन ओढली. पिन आली नाही. पुन्हा ओढली. माळ तुटून झेंडूच्या पाकळ्या ओटाभर झाल्या, पण नाडा हलला नाही. अण्णांनी दात लावले. आई एवढ्या धुरातही म्हणाली, "अवो, पूजेचा हाय त्यो, तोडू नका." अण्णांनी तिच्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जशी मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. मग आईनंच विळी उचलून पुढं केली. नाडा कापला, पिन निघाली, आणि पांढऱ्या पुडीचा असा लोट सुटला की मला दोघंही दिसेनासे झाले. मला वाटलं आता माझे आईबाप गेले.

पूड बसली तेव्हा आग विझलेली होती. पाइपातलं तेल जळून संपलं होतं, आणि बाहेरून भाभी आपल्या खिडकीतून तापलेल्या पाइपावर बादल्या ओतत होत्या. भाजलं कोणालाच नव्हतं. भिंत काळी, छत काळं, आणि बाकी सगळं पांढरं. पोळ्या पांढऱ्या, चकल्या पांढऱ्या, उघडे मांडलेले तीसही डबे पांढरे. आयुष्यात एवढं एकदाच त्या घरात सगळं उघडं राहिलं होतं. मोटारसायकलवाला आला, दारात थांबला, आत बघितलं आणि रिकाम्या पिशव्या घेऊन गेला. भाभी खाली आल्या. त्यांनी भिंत पाहिली, जळक्या चिमणीकडं पाहिलं, आईकडं पाहिलं आणि परत वर गेल्या. आता त्या काय म्हणणार हे आईला माहीत होतं आणि मलाही. डबे संपले होते. आई ओटा पुसायला लागली. एकच जागा ती परत परत पुसत होती.

दुपारी अण्णांनी चौकशी बसवली. कारखान्यात अपघात झाला की ते अशा चौकशीला बसायचे. तिथली पद्धत अशी, की जे उत्तर मिळेल त्यालाच पुन्हा "का" विचारायचं, पाच वेळा, म्हणजे पाचव्याला मूळ कारण हाती लागतं. ते सोफ्यावर बसले, आईला समोरच्या खुर्चीवर बसवलं. मला जायला सांगायचं ते विसरले. आणि त्यांनी आईला नावानं हाक मारली. लग्नानंतर ते तिला "अगं" म्हणत आले होते. चौकशीत माणसाचं नाव घ्यावं लागतं म्हणून घेतलं असावं.

"शकुंतला, आग कामून लागली?"

"फडक्यानं पेट घेतला."

"फडकं कामून बांधलं व्हतं?"

"जाळी खराब व्हऊ नाय म्हणून."

"जाळी एवढी कामून जपायची?"

"चिमणी बिघडली की धूर वर जाणार, आन् धूर वर गेला की डबे बंद. तुम्हीच म्हणलं व्हतं."

इथंवर सगळं पद्धतशीर चाललं होतं. अण्णांचा चेहराही कारखान्यातला होता. मग त्यांनी चौथा प्रश्न विचारला. "मंग व्हऊ द्यायचे बंद. घरात पगार येतो की. डबे बंद व्हायचं एवढं भ्या कामून?"

आईनं पदरानं तोंड पुसलं. तिच्या केसांत अजून पूड होती. मग ती म्हणाली, "मागं मला ताप आलता. एक दिवस डबे गेले नाय. संध्याकाळी ती पोरं वाळूजवरून गाडीवर आली. दारातूनच म्हणले, मावशी, बरं नाय का, दवाखान्यात नेऊ का. तुम्ही त्याच दिवशी शिफ्टवरून आले आन् विचारलं, भाजी काय केली." आणि मग म्हणाली, "केलती मी त्या दिवशी. वांग्याची."

मला अण्णांचा फार राग आला होता आणि त्याच वेळी त्यांची दयाही येत होती, कारण त्यांना ती वांग्याची भाजी आठवत होती हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पद्धतीप्रमाणे अजून एक "कामून" बाकी होता. तो त्यांनी विचारला नाही.

"तू सकाळधरनं काही खाल्लं का?" ते म्हणाले.

"नाय."

घरात खाण्यासारखं काहीच शिल्लक नव्हतं. अण्णा उठले, चप्पल न घालता जिना चढले आणि भाभींचं दार वाजवलं. वर काय बोलणं झालं ते मला आजतागायत माहीत नाही. कारखान्यात त्यांनी कधी कोणापुढं हात पसरला नव्हता, एवढं माहीत आहे. परत आले ते भाभींना घेऊन, आणि भाभींच्या हातात झाकलेलं ताट होतं. आई जेवेपर्यंत भाभी तिच्यासमोर बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "वहिनी, डब्बे बंद नको करू. फोडणी देतानी आवाज द्या, मी खिडकी लावते, अम्मी को सामने के कमरे में बिठाती. दहा मिनटांची तर बात है." दोन्ही घरांना एवढी साधी गोष्ट आधी का सुचली नाही, याची चौकशी कोणी बसवली नाही.

स्वयंपाकघर धुऊन, वायर तपासून व्हायला काही दिवस गेले. मग एका सकाळी आईनं खिडकीतून वर "भाभी, फोडणी" म्हणून हाक दिली आणि वर खिडकी लागल्याचा आवाज आला. पाइप पुढं सरळ झाला, भाभींनी कपड्यांची तार हलवली. चिमणी दुरुस्त होऊन उघडी राहिली, आणि दर पंधरा दिवसांनी सुट्टीच्या दिवशी अण्णा मोरीत पाटावर बसून तिची जाळी सोड्यानं घासायला लागले. सोडा कुठं असतो हे त्यांना पहिल्यांदा विचारावं लागलं. त्या पहिल्या सकाळी मात्र चिमणी अजून दुरुस्तीलाच होती, घासायला जाळी नव्हती, म्हणून त्यांनी मेथीच्या जुड्या पुढ्यात ओढल्या आणि पेपर बाजूला ठेवून निवडत बसले. डबे गेले. संध्याकाळी दोघा पोरांचा निरोप आला, मावशी, आज भाजीत देठं लई व्हती. आईनं तो निरोप अण्णांना जसाच्या तसा सांगितला, आणि दुसऱ्या दिवशीची मेथी पुन्हा त्यांच्याच पुढ्यात ठेवली.